वाचक विचारतात : जुना बॅकहो घेताना काय पाहायचं?

मुंबईत पावसाळा तोंडावर आला की महापालिका रस्ते खोदायची नेहमीची परवानगी थांबवते. कामं आटतात आणि बरीच बॅकहो मशीनं विकायला निघतात. या वेळी आलेली पत्रं बहुतेक त्याच विषयावरची आहेत. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या बॅकहोला लोक ‘जेसीबी’च म्हणतात, त्यामुळे पत्रांतला तो शब्द तसाच ठेवला आहे. उत्तरं देताना रस्त्यावर नेहमी दिसणारं मशीन डोळ्यांसमोर धरलं आहे: साधारण साडेसात टन वजनाचं, ७६ अश्वशक्तीचं, मागच्या टायरचं माप १६.९-२८.

प्रश्न : मी ड्रेनेज आणि पाण्याच्या लाईनची छोटी कामं घेतो. आतापर्यंत जेसीबी भाड्याने आणत होतो, आता स्वतःचा घ्यायचा आहे. २०१७ चं मॉडेल, मीटरवर ६,८०० तास, नुकताच रंग मारलेला. मालक म्हणतो, “अकरा वाजता या, मशीन तयार ठेवतो.” मी स्वतः मेकॅनिक नाही. काय काय पाहू?
— एक वाचक, भांडुप

आधी वेळ बदलून घ्या. मशीन ‘तयार ठेवतो’ म्हणजे तुम्ही पोहोचायच्या आत इंजिन तापवलेलं असणार, आणि जुन्या इंजिनाचे कितीतरी दोष ते थंड असतानाच दिसतात. सकाळी सातला जा. सोबत टॉर्च, खडू, मोजपट्टी, चिंध्या आणि वायर ब्रश न्या. पोहोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर नम्रपणे सांगा, उद्या येतो, तोवर चालू करू नका.

चालू करायच्या आधी मशीनखालची जमीन पाहा. तेलाचे ताजे थेंब कुठे पडलेत त्यावरून गळती इंजिनची, गिअरबॉक्सची की मागच्या ॲक्सलच्या हबची ते कळतं. इंजिन थंड असेपर्यंतच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं किंवा ऑईल कूलर फुटलेला असू शकतो. हायड्रॉलिक टाकीच्या काचेतून तेल पाहा. दुधाळ तेलात पाणी शिरलेलं असतं, आणि काळं, करपल्या वासाचं तेल सांगतं की मशीन तापत राहिलं आणि तेल बदललंच नाही.

आता सेल्फ मारायला सांगा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेरीत धरलं पाहिजे. मिनिटभर पांढरा धूर निघून थांबला तर चालेल. निळसर धूर गरम झाल्यावरही निघत राहिला तर इंजिन ऑईल जाळतंय. लोड दिल्यावर काळा धूर आला तर एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बो पाहावा लागेल, पण हा दोष दुरुस्तीतला आहे. खरी परीक्षा ‘बॅक कॉम्प्रेशन’ची, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली निसटतो का याची. इंजिन आयडलला असताना ऑईल भरायचं झाकण सैल करून उलटं तोंडावर ठेवा. ते थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं, किंवा तिथून धुराचा जोराचा झोत आला, तर रिंगा आणि लायनर घासलेत. अशा इंजिनाला ओव्हरहॉल करावंच लागतं. तो खर्च किमतीतून वजा होत नसेल तर सौदा सोडा.

यानंतर पिना (सांध्यांतले दांडे) आणि बुश (त्यांभोवतीच्या कड्या). जुन्या बॅकहोत सगळ्यात जास्त पैसा इथे जातो आणि नवखा गिऱ्हाईक नेमकं इथेच पाहत नाही. मागचा हात पूर्ण लांब करून बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवा, इंजिन बंद करा. एकाने बकेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायची, दुसऱ्याने किंगपोस्टच्या, म्हणजे मागचा हात ज्या उभ्या सांध्यावर डावी-उजवीकडे वळतो त्याच्या, वरच्या आणि खालच्या पिनेकडे पाहायचं. हात लांब असल्यामुळे किंगपोस्टमधला अगदी थोडा खेळही बकेटजवळ मोठा दिसतो, म्हणून नजर पिनेवरच ठेवा. पीन भोकात टकटक हलत असेल तर बुश गेलेत. बुश बदलता येतात. पण बुश नसतानाही मशीन चालवलेलं असेल तर भोकच लंबगोल होतं आणि मग वेल्डिंगने भरून जागेवर लाईन बोरिंग, म्हणजे भोक कापून पुन्हा गोल करावं लागतं. ते मोठं काम आहे आणि तितके दिवस मशीन उभं राहतं. बूम (हाताचा मशीनकडचा भाग), डिपर (बकेटकडचा भाग), बकेट, स्विंग सिलिंडर, लोडर आर्म (पुढच्या बकेटचे हात) यांच्या पिना तशाच एकेक करून पाहा. ग्रीस निपलभोवती ताजं ग्रीस दिसणं चांगलं, पण ते आतून बाहेर आलेलं असावं. वरून फासलेलं ग्रीस चिंधीने पुसलं की खाली कोरडा गंज दिसतो.

नव्या रंगाबद्दल एवढंच सांगतो की त्याखाली वेल्डिंग शोधा. बूमचं मूळ, डिपरला सिलिंडर जोडतात तो कान, किंगपोस्ट, लोडर आर्ममधला आडवा पाईप, आणि चॅसीवर लोडरचे खांब उभे राहतात ते कोपरे, या जागा टॉर्च तिरकी धरून पाहा. कारखान्यातला वेल्ड एकसारखा, बारीक लहरींचा असतो, हाताने केलेला जाड आणि वेडावाकडा. शंका आली तिथे मालकाला विचारून वायर ब्रश मारा. वरून पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या तर तिथे मोठा तडा गेलेला असणार. बकेटला मारलेल्या पट्ट्या वेगळ्या, त्या झिजेसाठी मारतातच. होज पाईपवर, काचेच्या रबरावर, ग्रीसवर रंग उडालेला असेल तर रंगारी घाईत होता आणि मशीन धुतलंही नव्हतं, एवढं नक्की.

पुढचा ॲक्सल पाहायला लोडरची बकेट जमिनीत दाबून पुढची चाकं उचला, आणि आपोआप खाली येऊ नये म्हणून चॅसीखाली भक्कम लाकडी ठोकळे लावा. चाक वर-खाली धरून हलवा, मग पुढे-मागे. किंगपिन, बेअरिंग आणि टाय रॉडचा खेळ हाताला कळतो. ॲक्सल मधोमध ज्या पिनेवर झुलतो तिथलाही खेळ पाहा. ती पीन बरेच जण विसरतात.

मग मशीनला कामाला लावा. पाऊण तास तरी खरी माती खोदू द्या, कारण हायड्रॉलिकचे दोष तेल गरम होऊन पातळ झाल्यावरच बाहेर येतात. थंड असताना झपझप चालणारा हात पाऊण तासाने मंदावला, आणि सगळ्याच हालचाली एकदम मंदावल्या, तर पंप घासला आहे किंवा मेन रिलीफ व्हॉल्व्ह गेला आहे. एकच हालचाल मंद असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा किंवा त्याच्या व्हॉल्व्हचा. आता हात पुन्हा लांब करून बकेट अधांतरी ठेवा, इंजिन बंद करा, सिलिंडरच्या रॉडवर खडूने खूण करा आणि ५ मिनिटं थांबा. बोटभर उतरला तर जुन्या मशीनला माफ. वीतभर उतरला तर पैसे कापा. मागचे जॅक टेकवून मागची चाकं उचला आणि तसंच थांबा. मागचा भाग हळूहळू बसला तर जॅकचा चेक व्हॉल्व्ह किंवा सील गळतं आहे. ज्या मशीनचा एक जॅक बसतो त्याने पाईपलाईनचा सरळ उतार खोदता येत नाही. तुमच्या कामात हे सांभाळून पाहा.

तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. भांडुपच्या चाळींमधल्या गल्लीत भिंतीला लागून चर खोदायचा म्हणजे साइड शिफ्ट, म्हणजे मागचा हात आडवा सरकवायची सोय लागणारच. क्लॅम्प सैल करून मागचा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून दाखवायला सांगा. पुष्कळ मशीनांत तो वर्षानुवर्षं मधोमधच ठेवलेला असतो आणि रेल गंजून जाम झालेली असते. सरकवून क्लॅम्प घट्ट केल्यावर हात एका बाजूला जोराने टेकवून पाहा. क्लॅम्पची सीलं गेली असतील तर आख्खी चौकट सरकते.

शेवटी गिअरबॉक्स. सपाट जागेवर चारही गिअर पुढे आणि मागे चालवा. फॉरवर्ड-रिव्हर्सचा लिव्हर टाकल्यावर मशीन लगेच निघालं पाहिजे. दोन-तीन सेकंद थांबून झटका देऊन निघालं तर क्लच पॅक घासलेत किंवा प्रेशर कमी आहे. मेकॅनिक सोबत असेल तर त्याच्याकडून स्टॉल टेस्ट करून घ्या: गरम इंजिन, ब्रेक पूर्ण दाबलेला, चौथा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर, फक्त ५-६ सेकंद. आरपीएम त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बरेच वर गेले तर गिअरबॉक्स किंवा टॉर्क कन्व्हर्टर घसरतोय, बरेच खाली राहिले तर इंजिन कमजोर. यापेक्षा जास्त वेळ धरलं तर तेल उकळतं, म्हणून ही चाचणी स्वतः करू नका.

दात, कटर, होज पाईप, काचा, टायर यांचे पैसे कापून घेता येतात. किंगपोस्टचा तडा, चॅसीचं वेल्डिंग, घसरणारा गिअरबॉक्स आणि बॅक कॉम्प्रेशन यांतलं एक जरी निघालं, तरी पहिलंच मशीन घेणाऱ्याने ते घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मीटरवरचे तास खरे की खोटे कसं ओळखायचं?
— एक वाचक, दहिसर

मीटर बदलता येतं, बंदही ठेवता येतं. म्हणून मीटर बाजूला ठेवून झिजेकडे पाहा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या पेडलचं रबर, सीटचा डावा काठ (चढता-उतरताना तो घासतो), मागच्या लिव्हरच्या मुठी, पायरीची जाळी. ३,००० तासांच्या मशीनचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं. भाड्याने फिरणारं मशीन वर्षाला दीड-दोन हजार तास सहज चालतं. मग ८ वर्षांच्या मशीनवर ५,००० तास दाखवत असतील तर ते कुठे आणि का उभं होतं, याचं कारण मालकाला सांगता आलं पाहिजे. सर्व्हिसची बिलं मागा, त्यांवर तास लिहिलेले असतात. अलीकडच्या बऱ्याच मशीनांत मशीनची माहिती आपोआप दूर पाठवणारी यंत्रणा असते. मालकाने आपल्या लॉगिनमधून तास आणि सर्व्हिसची नोंद दाखवली तर वादच मिटतो. तो दाखवायला तयार नसेल तर त्याचाही विचार करा.

प्रश्न : चेंबूरला एक मशीन बरंच स्वस्त मिळतंय. मालक म्हणतो फक्त मातीकाम केलंय. पण बूमवरून दोन जाड पाईप खालपर्यंत आलेत आणि टोकाला बूच लावलेत. ते कशाचे?
— एक वाचक, चेंबूर

ब्रेकरचे, म्हणजे बकेटच्या जागी लावायच्या, काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राचे. त्या पाईपांनी ब्रेकरला तेल जातं. ब्रेकर काढून ठेवलाय किंवा वेगळा विकलाय. कंपनीतूनच लाईन बसवून आलेली मशीनंही असतात, त्यामुळे पाईप दिसले म्हणजे ब्रेकर चाललाच असं नाही. पण बुचाच्या धाग्यावर ताजं तेल असेल, डिपरच्या टोकाच्या कानांवर आतून घासल्याच्या खुणा असतील, तर तो बराच चालला आहे.

ब्रेकरमुळे होतं काय, तर खोदताना बकेटचा जोर हळूहळू चढतो आणि उतरतो, पण ब्रेकर मिनिटाला शेकडो ठोके मारतो आणि प्रत्येक ठोका डिपर, बूम, किंगपोस्ट असा मागे येतो. त्यामुळे पिनांचा खेळ वाढतो, वेल्डच्या कडेला केसासारखे तडे जातात, बोल्ट सैल होतात. शिवाय ब्रेकरच्या परतीच्या तेलातून धातूचा चुरा टाकीत येतो आणि पंप लवकर खराब होतो. मुंबईत गेल्या काही वर्षांत काँक्रीटचे रस्ते खूप झाले आणि जुनं काँक्रीट फोडायला बॅकहोला ब्रेकर लावणं नित्याचं झालं. त्यामुळे हा प्रश्न इथे जास्त येतो.

तुम्ही तिथे दोन गोष्टी करा. हायड्रॉलिकचा परतीचा फिल्टर मेकॅनिककडून उघडून घ्या. कागदाच्या घडीत चमचमता चुरा दिसला तर पुढे जाऊ नका. आणि डिपरच्या टोकाकडे, बकेटची पीन बसते त्या भागात चारही बाजूंनी तडे शोधा. हे दोन्ही स्वच्छ निघालं तर ब्रेकर चाललेलं मशीनही घेण्यासारखं असू शकतं, फक्त किंमत मातीकामाच्या मशीनची देऊ नका. मालकाने खोटं का सांगितलं, हा प्रश्न मात्र उरतो.

प्रश्न : नालेसफाईच्या कामावर चाललेलं मशीन घ्यावं का? किंमत परवडते.
— एक वाचक, वसई

नाल्यातला गाळ मातीसारखा नसतो. खाडीजवळच्या नाल्यांत भरतीचं खारं पाणी शिरतं, त्यात सांडपाण्यातले वायू आणि कुजलेला कचरा. हा गाळ मशीनवर वाळला की लोखंड आतून खायला लागतो. काम संपल्यावर रोज गोड्या पाण्याने धुतलेलं मशीन वाचतं, न धुतलेलं दोन हंगामांत पोखरतं.

केबिनमधलं पायाखालचं रबर उचला आणि पत्रा बोटाने दाबून पाहा. डिझेल टाकीच्या तळाशी, बॅटरीच्या पेटीत, मडगार्डच्या आत टॉर्च टाका. वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट पूड दिसते का पाहा. इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या मशीनमध्ये हाच दोष सगळ्यात जास्त त्रास देतो, कारण मशीन मधूनच बंद पडतं आणि कारण सापडत नाही. सिलिंडरच्या रॉडवरून नख फिरवा. गंजाचे खड्डे नखाला लागले तर तेच खड्डे सील फाडत राहणार आणि नवीन सील टिकणार नाही. रॉडचा जो भाग मशीन उभं असताना बाहेर राहतो तो नेमका पाहा. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस काळं, पाणचट असेल तर चाकं गाळात बुडून चालली आहेत.

रॉड चांगले असतील तर घ्या. पत्रा बदलता येतो.

प्रश्न : बीएस-३ घ्यावं की नवीन नियमांचं?
— एक वाचक, उलवे

बांधकाम यंत्रांना २०११ च्या एप्रिलपासून तिसऱ्या टप्प्याचे (म्हणजेच बीएस-३), १ एप्रिल २०२१ पासून चौथ्या टप्प्याचे आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे प्रदूषण नियम लागू झाले. तिसऱ्या टप्प्यातल्या बहुतेक बॅकहोंना साधा यांत्रिक डिझेल पंप असतो. कुठलाही चांगला पंपवाला तो दुरुस्त करतो. त्यानंतरची बहुतेक इंजिनं कॉमन रेलची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल फवारणारी आहेत, डिझेल कमी खातात, पण भेसळीचं किंवा पाणी असलेलं डिझेल त्यांना अजिबात चालत नाही. इंजेक्टरही महाग. ड्रममधून डिझेल भरणाऱ्या साईटवर काम असेल तर जुन्या पद्धतीचं इंजिन निभावून नेतं. मोठ्या ठेकेदाराकडे मशीन लावायचं असेल तर त्याच्या निविदेत मशीनच्या वयाची अट आहे का ते आधी विचारून घ्या. नवीन इंजिनाचं मशीन घेताना स्कॅनर लावून जुने एरर कोड वाचून घ्या. मालकाने सकाळीच कोड पुसले असतील, म्हणून पाऊण तास काम केल्यावर पुन्हा वाचा.

प्रश्न : मशीन घेऊन महिना झाला. घेताना बूम खाली उतरत होता, मालक म्हणाला सील किट टाका, होऊन जाईल. सील टाकलं, आठ दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. आता काय?
— एक वाचक, कळंबोली

सील हे फार वेळा परिणाम असतं, कारण दुसरीकडे असतं. आठ दिवसांत नवीन सील गेलं तर तीन शक्यता आहेत. रॉडवर ओरखडे किंवा खड्डे असतील. सिलिंडरच्या नळीला आतून चर पडला असेल, जो सील बदलताना बोट फिरवून पाहायला हवा होता. किंवा सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे बुश गेले असतील. बुश गेला की सिलिंडर तिरका ढकलतो आणि सील एका बाजूने कापलं जातं. नळीला चर असेल तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून किंवा नळी बदलूनच सुटका. रॉड पुन्हा क्रोम करून मिळतो.

पण त्याआधी दोष सिलिंडरमध्ये आहे की कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, हे ठरवा. बूम जमिनीवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करून सगळे लिव्हर हलवून प्रेशर सोडा. मग सिलिंडर ज्या टोकापर्यंत पूर्ण गेला आहे त्याच दिशेने लोड द्यायचा आणि विरुद्ध बाजूचा होज काढून पोर्ट उघडा ठेवायचा. काढलेल्या होजला बूच लावायला विसरू नका. उघड्या पोर्टमधून तेल सतत येत राहिलं तर पिस्टनचं सील गळतंय. तेल थांबलं तर सिलिंडर ठीक आहे आणि दोष व्हॉल्व्हच्या स्पूलचा, म्हणजे आतल्या सरकत्या दांडीचा. हे काम मेकॅनिकनेच करावं. उचललेल्या बूमखाली उभं राहून होज कधीही सोडू नका. होज सुटला की बूम एका क्षणात खाली येतो.

आणखी एक तपासा. आधीच्या मालकाने कुठलं तेल भरलं होतं ते विचारा. वेगवेगळी तेलं मिसळली असतील तर सगळं काढून, टाकी धुऊन, फिल्टर बदलून एकच तेल भरा. ब्रेकच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं आहे: अनेक बॅकहोंच्या ब्रेकला खनिज तेल लागतं, गाडीचं साधं ब्रेक ऑईल घातलं की आतली सीलं फुगतात. ब्रेकची टाकी बाहेर गळती नसताना कमी होत असेल तर तेल ॲक्सलमध्ये उतरतंय. ॲक्सलचा लेव्हल बोल्ट उघडल्यावर तेल भडाभडा वाहिलं तर खात्री पटेल.

प्रश्न : मशीन सुरतकडचं आहे, गुजरात पासिंग. एजंट म्हणतो सह्या केलेला टीटी सेट (नावबदलाचे फॉर्म) देतो, नाव सवडीने करा. चालेल का?
— एक वाचक, पनवेल

चालणार नाही. तुमच्यासाठीही नाही आणि विकणाऱ्यासाठीही नाही. ज्याचं नाव आरसीवर, त्याच्यावर अपघाताची जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच ठरवलं आहे, मशीन चार हात फिरलेलं असलं तरी. शहाणा मालक सह्या करून मोकळा होत नाही, नाव बदलल्याची खात्री करून घेतो.

क्रम असा ठेवा. प्रथम परिवहन पोर्टलवर नंबर टाकून आरसीची स्थिती पाहा: मालकाचं नाव, विमा, बोजा (मशीनवरचं कर्ज). मग आरसी हातात घेऊन चॅसी नंबर आणि इंजिन नंबर मशीनवर पाहा. चॅसी नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घेऊन ठेवा. आकड्यांभोवती घासल्याची, भरल्याची खूण असेल तर तिथूनच परत फिरा. इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर नवीन नंबर चढला आहे का पाहा.

बोजा असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. कर्ज फिटलं असं तोंडी सांगणं उपयोगाचं नाही. राहिलेली रक्कम विक्रेत्याच्या हाती देण्याऐवजी थेट कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. परराज्यातल्या मशीनला तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. मशीन महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर इथला नंबर घ्यावाच लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो किती होईल हे पनवेलच्या आरटीओत आधी विचारा आणि किमतीत धरा. गुजरातचं मशीन स्वस्त वाटतं ते बऱ्याचदा हा हिशोब न केल्यामुळे. महाराष्ट्रातल्याच मशीनचा व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

बॅकहो कायद्याने ‘बांधकाम यंत्र वाहन’ आहे आणि त्याची नोंदणी १५ वर्षांची असते. १३-१४ वर्षांचं मशीन घेत असाल तर फेरनोंदणी तुमच्या वाट्याला येणार आहे हे लक्षात ठेवा. विकणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर कराचं बिल मागा. पैसे बँकेतून द्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि पुढे वाद झाला तर बँकेची नोंदच कामाला येते. इसाराची रक्कम थोडी ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या की कागद स्वच्छ न निघाल्यास इसार परत.

प्रश्न : जुन्या मालकाचा विमा अजून पाच महिने आहे. तोच चालवला तर?
— एक वाचक, घाटकोपर

मालकी बदलली की तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा तुमच्याकडे आला असं कायदा मानतो, पण मशीनच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. ती करताना एक ओळ शोधा: आयएमटी ४७ नावाचं कलम. बॅकहोसारख्या मशीनच्या पॉलिसीत काम करताना मशीन उलटून झालेलं नुकसान वगळलेलं असतं, जादा हप्ता भरला तरच ते धरलं जातं. बॅकहो बहुतेक उलटतो तो चराच्या काठावर, जॅक मऊ भरावावर टेकवल्यामुळे, म्हणजे काम करतानाच. घाटकोपर-विक्रोळीच्या टेकडीच्या उतारावर काम असेल तर तो हप्ता भरल्याशिवाय मशीन बाहेर काढू नका, आणि भरावावर जॅकखाली जाड फळी टाकायला ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगा.